पुस्तकविक्या विल्यम होन

होन हा शब्द आपल्याला नवा नाही. शिवछत्रपतींच्या काळी सोन्याच्या नाण्याला होन म्हणत. परंतु ज्या होनाची ही कथा आहे, त्याच्या थैलीत सोने कधीच टिकले नाही. तो लंडन शहरातील एक गरीब पुस्तकविक्या होता. आयुष्यात त्याने अनेक धंदे मांडले आणि त्यांतील बहुतेक बुडाले. तथापि इंग्लंडमधील मुद्रणस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना कोणालाही त्याचे नाव टाळता येत नाही.

विल्यम होनचा जन्म ३ जून १७८० रोजी बाथ या गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना त्याचे कुटुंब लंडनला येऊन राहिले. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. ते अतिशय धर्मनिष्ठ होते, आणि तितकेच करारी होते. मुलाला अक्षरओळख करून दिली ती बायबलातून, आणि पुष्कळ दिवस त्याच्या हाती दुसरे पुस्तक पडलेच नाही. बायबलातील अध्यायच्या अध्याय त्याला तोंडपाठ करावे लागत. प्रार्थनेची भाषा, तिची लय, तिच्यातील गंभीर शब्द हे सारे या मुलाच्या कानात असे लहानपणीच भिनले. पुढे याच भाषेमुळे त्याच्यावर मोठे संकट ओढवायचे होते.

त्याच्या बालपणीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी जॉन वेस्ली नावाचे एक वृद्ध धर्मोपदेशक गावोगाव फिरून उपदेश करीत. होनच्या वडिलांना त्यांची मते मुळीच पटत नसत. वेस्ली म्हणजे सैतानाची अवलाद, असे ते घरात उघड बोलत. एकदा होनच्या शाळेतील वृद्ध शिक्षिका आजारी पडली. होन तिच्या खोलीत असताना तिला भेटण्यासाठी वेस्ली येणार असल्याची वर्दी आली. बिचारा मुलगा भीतीने थरथर कापू लागला. आता शिंगे आणि शेपटी असलेला कोणीतरी आत शिरणार, असे त्याला वाटले. प्रत्यक्षात आत आले ते काळ्या पोशाखातील एक शांत म्हातारे गृहस्थ. त्यांचे रुपेरी केस खांद्यावर रुळत होते आणि मुद्रेवर अपार माया होती. त्यांनी रुग्णाचे समाधान केले, मुलाशी ममतेने बोलले आणि ते निघून गेले. एखाद्याला सैतान म्हटल्याने तो सैतान ठरत नाही, हे त्या दिवशी त्या लहानग्याच्या मनाने पक्के धरले. वडिलांच्या इतर मतांवरचा त्याचा विश्वासही तेव्हापासून थोडा डळमळला.

दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि होन वकिलाच्या कचेरीत लेखनिक म्हणून बसू लागला. सोळाव्या वर्षी तो राजकीय सुधारणा मागणाऱ्या एका मंडळाचा सभासद झाला. वडिलांना हे समजताच त्यांनी त्याला लंडनपासून दूर चॅटम या गावी धाडून दिले. पण डोक्यात शिरलेले विचार गाव बदलल्याने जात नाहीत. अडीच वर्षांनी तो परत आला, १८०० साली त्याने लग्न केले आणि सासूकडून मिळालेल्या थोड्या भांडवलावर पुस्तकांचे व चित्रांचे दुकान काढले. दुकान चालेना. गरिबांनी पैसे साठवावेत म्हणून त्याने एका मित्राच्या साहाय्याने बचतीची पेढी काढली, तीही बुडाली. संसार मात्र वाढत होता. दुसरा एखादा असता तर निमूटपणे कोठेतरी कारकुनी करीत राहिला असता. पण होनला दुसऱ्याचे दुःख दिसले की स्वतःच्या दुकानाचा विसर पडे.

लंडनमध्ये बेथलेम नावाचे वेड्यांचे जुने इस्पितळ होते. १८१४ साली होन आणि त्याचे दोन मित्र यांनी तेथील हाल पाहिले. नॉरिस नावाच्या एका रुग्णाच्या गळ्यात लोखंडी कडे अडकवून ते एका खांबाला जखडलेले होते. दहा वर्षांहून अधिक काळ तो माणूस अशा स्थितीत दिवस काढीत होता! या दृश्याचे चित्र जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकाराने कोरले आणि होनने ते प्रसिद्ध केले. पार्लमेंटला चौकशी करावी लागली. पुढे १८१५ साली एलायझा फेनिंग या तरुण मोलकरणीला, मालकाच्या कुटुंबावर विषप्रयोग केल्याचा आरोप ठेवून फाशी देण्यात आले. पुरावा किती लंगडा होता, हे होनने स्वतः शोध घेऊन पुस्तकरूपाने लोकांसमोर मांडले. त्या मुलीचा प्राण परत येणार नव्हता. पण तिचे नाव तरी निष्कलंक व्हावे, ही त्याची तळमळ होती.

नेपोलियनशी चाललेले दीर्घ युद्ध त्याच वर्षी संपले होते. विजय इंग्लंडचा झाला, पण गरिबांच्या वाट्याला उपासमार आली. परतलेल्या सैनिकांना काम नव्हते. परदेशी धान्यावर बंदी घालणारा कायदा झाल्याने पाव महाग झाला होता. मँचेस्टरसारख्या मोठ्या शहराला पार्लमेंटमध्ये एकही प्रतिनिधी नव्हता, तर ओसाड पडलेल्या कित्येक खेड्यांना दोन दोन प्रतिनिधी होते. सरदारांच्या मुलांना नुसत्या नावाच्या नोकऱ्या आणि भरघोस वेतने मिळत. वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर चार पेन्सांचा कर होता, म्हणजे गरिबाने ते वाचूच नये अशी तजवीज झालेली होती. लोक सभा भरवू लागले, तसे सरकार घाबरले. १८१७ साली, खटल्यावाचून कोणालाही तुरुंगात न ठेवण्याचा नागरिकांचा जुना हक्क त्याने काही काळ स्थगित केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात इकडे पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. सातासमुद्रांपलीकडे राज्ये जिंकणारे हे सरकार घरी मात्र दोन पेन्सांच्या चोपड्यांना भीत होते, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

या चोपड्या होनच्या होत्या. १८१७ च्या प्रारंभी त्याने तीन विडंबने प्रसिद्ध केली. विडंबन म्हणजे एखाद्या प्रसिद्ध रचनेचा घाट तसाच ठेवून तीत भलताच विषय भरणे. आपल्याकडे आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले' या संग्रहात हा प्रकार किती खुलविला आहे, ते ज्यांनी वाचले असेल त्यांना अधिक सांगायला नको. होनने घाट घेतला तो चर्चमधील प्रार्थनांचा. इंग्लंडमध्ये मुलांना धर्माची एक प्रश्नोत्तरी पाठ करावी लागे. होनने तिच्या धर्तीवर सरकारच्या ताटाखालच्या खासदारासाठी प्रश्नोत्तरी रचली. तिच्यात तो खासदार मंत्र्यांवरील आपली अढळ निष्ठा घोकतो. दुसऱ्या विडंबनात गांजलेली प्रजा राज्यकर्त्यांची करुणा भाकते. तिसऱ्यात फुकट वेतन खाणारा माणूस तीन प्रमुख मंत्र्यांविषयी आपली श्रद्धा व्यक्त करतो. लोकांच्या या चोपड्यांवर उड्या पडल्या आणि लंडनच्या गल्ल्याबोळांतून हशा उसळला.

मात्र सगळेच हसले नाहीत. आईच्या मांडीवर बसून जी प्रार्थना शिकलो, तिचे शब्द बाजारात थट्टेसाठी वापरलेले ऐकून कित्येक भाविकांना खरोखरच वाईट वाटले. होनच्या कानावर हे आले तेव्हा त्याने वाद घातला नाही. २२ फेब्रुवारी रोजी त्याने तिन्ही चोपड्यांची विक्री आपण होऊन थांबविली. मागणी जोरात होती, घरात पैशाची नड होती, तरीही त्याने ती पुन्हा सुरू केली नाही. रिचर्ड कार्लाइल नावाच्या दुसऱ्या एका प्रकाशकाने त्या पुन्हा छापल्या आणि त्यापायी तो तुरुंगात गेला.

विक्री थांबली, पण सरकारचा राग थांबला नाही. ३ मे रोजी होनला रस्त्यात पकडण्यात आले. त्याच्यावरील आरोप राजद्रोहाचा नव्हता, मंत्र्यांच्या बदनामीचाही नव्हता. ख्रिस्ती धर्माची निंदा केली, असा तो आरोप होता. यात सरकारचे चातुर्य होते. मंत्र्यांची थट्टा केल्याबद्दल खटला भरला असता, तर ज्यूरीतील माणसांनाही हसू आवरले नसते. धर्माचे नाव घेतल्यावर मात्र कोणीही सज्जन आरोपीची बाजू घेणार नाही, असा हिशोब होता. न्यायालयात उभा केल्यावर, आजारी असल्यामुळे होनने बसण्याची परवानगी मागितली. सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी ती खडसावून नाकारली. आरोपपत्राची नक्कल मिळाल्याशिवाय आपण उत्तर देणार नाही, असे होननेही नम्रपणे पण ठामपणे कळविले. त्यामुळे त्याला दोन महिने तुरुंगात काढावे लागले.

खटले उभे राहिले डिसेंबरमध्ये, गिल्डहॉल या इमारतीत. तीन चोपड्यांबद्दल तीन खटले, आणि तेही लागोपाठ तीन दिवस! होनजवळ वकील द्यायला पैसे नव्हते. सदतीस वर्षांचा हा माणूस विटक्या काळ्या कोटात एकटाच उभा राहिला. त्याच्यासमोर टेबलावर जुनीपुराणी, धुळीने माखलेली पुस्तके रचलेली होती. त्याच्या भावाने ती आणून मांडली होती. हा आरोपी न्यायालयात पुस्तकांचे दुकान मांडणार की काय, असे पाहणाऱ्यांना वाटले असेल.

१८ डिसेंबर १८१७ रोजी न्यायमूर्ती ॲबट यांच्यासमोर पहिला खटला चालला. सरकारच्या मुख्य वकिलाने प्रश्नोत्तरीतील उतारे वाचून दाखविताच प्रेक्षकांत हशा पिकला. हा हशाच अधर्माचा पुरावा आहे, असे वकिलाने सांगितले. मग होन बोलायला उठला. प्रारंभी त्याचा आवाज कापत होता. पण हळूहळू त्याने एकेक पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. धर्मग्रंथांच्या भाषेत विडंबन करणारा आपण पहिला नाही, हे त्याला दाखवायचे होते. खुद्द मार्टिन ल्यूथर याने तसे केले होते. चर्चच्या मान्यवर धर्मगुरूंनी केले होते. एवढेच नव्हे, तर सरकारातील एक मंत्री जॉर्ज कॅनिंग यानेही पूर्वी हाच प्रकार हाताळला होता. सरकारकडून वेतन घेणाऱ्या जेम्स गिल्रे या चित्रकाराने बायबलातील प्रसंग घेऊन विरोधी पुढाऱ्यांची व्यंगचित्रे काढली होती. होनने ती चित्रेही न्यायालयात दाखविली. या मंडळींपैकी एकावरही कधी खटला झाला नव्हता. मग जी गोष्ट मंत्र्यांच्या मित्राने केली तर विनोद ठरते, तीच त्यांच्या टीकाकाराने केली तर धर्मनिंदा कशी होते, असा त्याचा सवाल होता. आपला रोख प्रार्थनेवर नव्हताच, तो मंत्र्यांवर होता; आरतीची चाल घेऊन कोणी विनोदी गाणे रचले तर त्यात देवाची थट्टा होतेच असे नाही, तशातलाच त्याचा युक्तिवाद होता. तो सुमारे सहा तास बोलला. ज्यूरीतील बारा जण आत गेले आणि पाव तासाच्या आतच बाहेर आले. होन निर्दोष ठरला.

ही वार्ता ऐकून सरन्यायाधीश एलेनबरो संतापले. ते आजारी होते, तरी दुसऱ्या दिवशी स्वतः न्यायासनावर येऊन बसले. ते काही नीच वृत्तीचे गृहस्थ नव्हते. धर्माचा धाक सुटला तर राज्यच कोसळेल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती; पण प्रामाणिक समजूत बाळगणारा माणूसही न्यायासनावर बसून अन्याय करू शकतो. त्यांनी होनला पुनःपुन्हा अडविले आणि इतरांची विडंबने वाचणे गैर ठरविण्याचा प्रयत्न केला. होन दबला नाही. तो त्या दिवशी सात तासांच्या आसपास बोलला. शेवटी एलेनबरोंनी ज्यूरीला स्वतःचे मत स्पष्ट सांगितले, की हे लेखन धर्मद्रोही आहे. परंतु १७९२ च्या कायद्याने अशा खटल्यांत अखेरचा निर्णय देण्याचा अधिकार ज्यूरीचा होता. ज्यूरीतील माणसे लंडनचे व्यापारी होते. या वेळी त्यांना विचार करायला पावणेदोन तास लागले. निकाल तोच लागला: निर्दोष.

आता तरी सरकार थांबेल, असे सर्वांना वाटले. पण ते थांबले नाही. २० डिसेंबरला होन पुन्हा उभा राहिला. दोन दिवसांच्या श्रमांनी त्याचा चेहरा उतरला होता, घसा बसला होता. ते पाहून सरकारी वकिलालाही दया आली. खटला पुढे ढकलण्याची तयारी त्याने दाखविली. होनने ती सवलत नाकारली. तिसरा खटला ज्या श्रद्धावचनावरील विडंबनाचा होता, त्याबद्दल खुद्द धर्मगुरूंमध्येही पूर्वीपासून मतभेद होते. बोलता बोलता होनने एलेनबरोंच्या वडिलांचा उल्लेख केला. ते बिशप होते आणि त्यांनाही हे वचन पूर्णपणे मान्य नव्हते. वडिलांचे नाव निघताच तो करारी न्यायाधीश क्षणभर हेलावला आणि तो विषय सोडून देण्याची त्याने होनला विनंती केली. होनने तत्काळ तो विषय सोडला. त्या तीन दिवसांत आरोपीने न्यायाधीशावर केलेला हा एकच उपकार होता.

त्या दिवशी होन सुमारे आठ तास बोलला. ज्यूरीने वीस मिनिटांत त्याला तिसऱ्यांदा निर्दोष ठरविले. बाहेर हजारो लोक थंडीत ताटकळत उभे होते. त्यांच्या जयघोषाने सारा परिसर दुमदुमून गेला. एलेनबरो पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि १८१८ च्या डिसेंबरमध्ये वारले. या खटल्यांचा त्यांना धक्का बसला, असे लोक म्हणत. पण त्यांची प्रकृती आधीपासूनच ढासळली होती. होनसाठी लोकांनी वर्गणी काढली आणि तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्यातून त्याने लडगेट हिल या हमरस्त्यावर दुकान थाटले.

यानंतर होनची लेखणी आणि क्रुकशँकचे चित्र यांची जोडी जमली. त्या वेळी एक पौंडाच्या खोट्या नोटा चालविणाऱ्या गरिबांना फाशी होत असे. खऱ्या नोटाच इतक्या सोप्या छपाईच्या होत्या, की खरी कोणती नि खोटी कोणती हे अशिक्षिताला कळू नये. फासावर लटकणारी माणसे पाहून क्रुकशँक व्यथित झाला. त्याने नोटेसारखे दिसणारे एक चित्र काढले. त्यात फासावर लोंबकळणाऱ्या माणसांची रांग होती आणि सही होती फाशी देणाऱ्या मांगाची! १८१९ च्या जानेवारीत होनने ही नोट दुकानात मांडली आणि ती पाहण्यासाठी रस्त्यावर झुंबड उडाली.

त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी मँचेस्टरच्या मैदानावर भरलेल्या शांततापूर्ण सभेवर घोडदळ घालण्यात आले. अनेक लोक ठार झाले, शेकडो जखमी झाले. मुलांच्या एका साखळीगीताच्या धर्तीवर होनने याविषयी एक पुस्तिका रचली. हे गीत आपल्याकडील साखळीगोष्टींसारखेच आहे. प्रत्येक कडव्यात एकेक नवी वस्तू येते आणि मागचे सारे पुन्हा म्हटले जाते. होनच्या घरात संपत्ती होती, ती कुरतडणारे किडे होते आणि त्या किड्यांचा नाश करणारी एक वस्तूही होती. ती वस्तू कोणती? क्रुकशँकने तेथे छापखान्याच्या यंत्राचे चित्र काढले होते. पुस्तिकेत एकूण १३ चित्रे होती, किंमत एक शिलिंग होती आणि तिच्या लाखभर प्रती खपल्या. या वेळी होनने प्रार्थनेला हात लावला नव्हता. सरकारने खटला भरला असता, तर सरन्यायालयात बालगीत वाचून दाखवावे लागले असते. कोणी खटला भरला नाही.

तथापि होन सुटला म्हणून धर्मनिंदेचा कायदा संपला, असे झाले नाही. वर उल्लेखिलेला कार्लाइल धर्मावर टीका करणारी पुस्तके छापल्याबद्दल सहा वर्षे तुरुंगात होता. १८८३ साली जी. डब्ल्यू. फूट या संपादकाला बायबलातील कथांवरील व्यंगचित्रे छापल्याबद्दल एक वर्षाची कैद भोगावी लागली. इंग्लंडमध्ये हा जुना कायदा रद्द व्हायला २००८ साल उजाडावे लागले.

चाळिशीनंतर होनने राजकीय थट्टा सोडून दिली. वर्षातील प्रत्येक दिवसाचे सण, रूढी, लोककथा आणि गमती यांचा एक सुंदर संग्रह त्याने १८२५ पासून साप्ताहिक भागांनी प्रसिद्ध केला. प्रसिद्ध निबंधकार चार्ल्स लॅम यालाच त्याने तो अर्पण केला होता. पुस्तक लोकांना फार आवडले, पण पैशाचा हिशोब होनला कधी जमलाच नाही. १८२६ मध्ये कर्जापायी तो पुन्हा तुरुंगात गेला, आणि पुढील अंक त्याने तुरुंगातूनच सिद्ध केले. विडंबनाचा इतिहास लिहिण्याचे वचन त्याने वाचकांना दिले होते. त्यासाठी त्याने ढीगभर साहित्य जमविले, पण तो ग्रंथ अखेरपर्यंत झाला नाही. पुढे त्याने कॉफीचे दुकान चालवून पाहिले. तेही बुडाले, हे सांगायला नकोच.

उतारवयात हा धर्मनिंदक ठरविलेला माणूस एका चर्चचा श्रद्धाळू सभासद झाला आणि लहानपणी पाठ केलेले बायबलातील अध्याय पुन्हा वाचू लागला. पण विडंबने लिहिताना आपण नास्तिक होतो, असे त्याने कधी कबूल केले नाही. पूर्वीच्या भांडणांमुळे क्रुकशँकशी त्याचे बोलणे सुटले होते; शेवटच्या आजारात त्याने त्याला बोलावणे पाठविले आणि दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली. क्रुकशँकने आपल्याबरोबर एका तरुण कादंबरीकारालाही त्याच्याकडे नेले. त्याचे नाव चार्ल्स डिकन्स. नोव्हेंबर १८४२ मध्ये टॉटनम येथे होन मरण पावला. ॲबनी पार्क येथील दफनभूमीत त्याला पुरण्यात आले, तेव्हा त्याच्या कुटुंबीयांसमवेत क्रुकशँक आणि डिकन्स हे दोघेही उपस्थित होते.